हवामानामुळे विमान वळवलं, पण हाल कुणामुळे झाले? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमान भलत्याच विमानतळावर उतरलं की वाद ठरलेला. कंपनी म्हणते, हवामानापुढे कुणाचं काय चालतं. प्रवासी म्हणतो, धुकं पडणार हे तुम्हाला आधी कळलं नव्हतं का? दोघंही थोडे थोडे बरोबर असतात. धुक्याचा दोष कुणाचाच नाही. पण धुक्याआधी टाकीत किती इंधन भरलं आणि धुक्यानंतर विमानाला शिडी कधी लागली, हे माणसंच ठरवतात. खालचे प्रश्न त्याबद्दलचे आहेत.

विमान वळवावं लागलं म्हणजे नियोजन फसलं असं समजायचं का?

नाही. विमान वळवणं हा बहुतेक वेळा नियोजनाचाच भाग असतो. निघण्यापूर्वी जो फ्लाइट प्लॅन तयार होतो त्यात पर्यायी विमानतळाचं नाव आणि तिथवर जाण्याचं इंधन दोन्ही धरलेलं असतं. कॅप्टननं वेळेत ‘इथं जमत नाही, तिकडे जातो’ म्हटलं तर व्यवस्था ठरल्याप्रमाणे चालली असंच म्हणायला हवं. मुक्कामाच्या विमानतळावर कसंही करून उतरण्याचा हट्ट जास्त धोकादायक.

नियोजन फसतं ते तीन ठिकाणी: इंधन जेमतेम भरलं, पर्यायी विमानतळ नावापुरता निवडला, किंवा तिथं उतरल्यावर पुढे काय करायचं हे कुणीच ठरवलं नव्हतं. पहिल्या दोन चुकांमधून अपघात होतात, तिसरीतून हाल. प्रवाशांच्या तक्रारी जवळजवळ सगळ्या तिसऱ्या प्रकारच्या असतात.

उड्डाणाआधी इंधनाचा हिशेब कसा करतात?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, सहाव्या परिशिष्टात याची चौकट आहे. धावपट्टीपर्यंत जाण्याचं इंधन, प्रवासाचं इंधन, वाटेतल्या अनपेक्षित गोष्टींसाठी साधारण ५ टक्के जास्तीचं, मुक्कामाच्या विमानतळापासून पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि शेवटी हात लावायचा नाही असा राखीव साठा. जेट विमानासाठी हा साठा १,५०० फुटांवर ३० मिनिटं घिरट्या घालता येतील इतका असतो. याच्या वर कॅप्टनला स्वतःच्या अंदाजानं आणखी इंधन मागता येतं.

अमेरिकेत देशांतर्गत उड्डाणांसाठी राखीव साठा ४५ मिनिटांचा आहे. पोहोचण्याच्या वेळेच्या तासभर आधीपासून तासभर नंतरपर्यंत ढगांची उंची निदान २,००० फूट आणि दृश्यमानता निदान ३ मैल राहील असा अंदाज असेल, तर तिथं पर्यायी विमानतळ न धरताही निघता येतं. अंदाज याहून वाईट असेल तर पर्याय सक्तीचा.

हा सगळा हिशेब एका विमानापुरता असतो, हे लक्षात ठेवा. वादळ मात्र एका विमानापुरतं येत नाही. या पानावरच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ इथंच आहे.

हवामान बिघडणार हे माहीत होतं, तरी विमान सोडलंच का?

कारण अंदाज म्हणजे शक्यता. ‘पहाटे धुकं, आठनंतर निवळेल’ असा अंदाज असेल तर नऊला पोहोचणारं विमान थांबवून ठेवण्यात अर्थ नाही. प्रत्येक अशा दिवशी उड्डाणं रद्द केली तर जितक्यांचे हाल वाचतील त्याहून जास्तांचे होतील. शिवाय तेच विमान, तेच कर्मचारी पुढच्या तीन-चार फेऱ्या करणार असतात.

माझ्या मते विमान सोडणं ही चूक क्वचितच असते. अंदाज वाईट असताना फक्त नियमापुरतं इंधन देऊन सोडणं, याला मात्र प्रश्न विचारायला हवा. जास्तीच्या इंधनाचा काही भाग ते वाहून नेण्यातच जळतो, म्हणून कंपन्यांना ते नको असतं. कोणता कॅप्टन किती जास्त इंधन मागतो याची आकडेवारी कंपन्या ठेवतात. ती ठेवण्यात गैर काही नाही. पण तिच्यामुळे वादळाच्या दिवशी कॅप्टनचा हात आखडत असेल, तर तो दोष वादळाचा नव्हे.

मग जबाबदार कोण, कॅप्टन की कंपनी?

उड्डाणादरम्यान शेवटचा शब्द कॅप्टनचा, हे जगभर मान्य आहे. नियोजनाची जबाबदारी मात्र एकट्या कॅप्टनवर टाकणं बरोबर नाही. अमेरिकी नियमांत उड्डाणपूर्व नियोजन, विलंब आणि उड्डाण सोडण्याचा निर्णय यांसाठी कॅप्टन आणि जमिनीवरचा डिस्पॅचर (उड्डाणाची आखणी करून त्यावर लक्ष ठेवणारा कंपनीचा माणूस) संयुक्तपणे जबाबदार असतात. सगळीकडे ही पद्धत इतकी स्पष्ट नाही.

एका माणसावर दोष टाकून मोकळं होण्याचा मोह चौकशी यंत्रणांनाही होतो. १८ नोव्हेंबर २००९ च्या रात्री सामोआहून रुग्णाला घेऊन निघालेलं एक छोटं जेट ऑस्ट्रेलियाच्या नॉरफोक बेटाजवळ समुद्रात उतरवावं लागलं. विमान वाटेत असतानाच बेटावर हवामान बिघडलं होतं, विमानाच्या टाक्या पूर्ण भरलेल्या नव्हत्या, आणि दुसरीकडे जाण्याइतकं इंधन उरलं नव्हतं. सहाही जण वाचले. २०१२ च्या पहिल्या अहवालाचा रोख मुख्यतः वैमानिकांच्या नियोजनावर आणि वाटेतल्या निर्णयांवर होता. त्यावर इतकी टीका झाली की ऑस्ट्रेलियाच्या सिनेटनं चौकशी केली, प्रकरण पुन्हा उघडलं, आणि २०१७ च्या दुसऱ्या अहवालात कंपनीच्या पद्धती आणि नियमांतल्या पळवाटाही समोर आल्या. त्या बेटासाठी प्रवासी चार्टर विमानांना जास्तीचं इंधन सक्तीचं होतं. रुग्णवाहक विमानाला ती सक्ती नव्हती. वैमानिकांच्या चुका दुसऱ्या अहवालातही आहेतच. फक्त त्या तिथं एकट्या नाहीत.

कंपनीच्या जमिनीवरच्या लोकांनी नक्की काय करायचं असतं?

पाहत राहायचं आणि सांगत राहायचं. वैमानिकाला समोरचं आकाश दिसतं. पुढच्या विमानतळावर किती विमानं रांगेत आहेत, पर्यायी विमानतळावर जागा आहे का, हे नियंत्रण कक्षातल्या माणसाला जास्त चांगलं कळतं.

हे न झाल्याचं जुनं आणि भीषण उदाहरण म्हणजे एव्हियांका या कोलंबियाच्या कंपनीचं ५२ क्रमांकाचं उड्डाण. २५ जानेवारी १९९० ला बोगोटा-मेडेयीनहून न्यूयॉर्कला आलेल्या या बोइंग ७०७ ला खराब हवामानामुळे वाटेत तीन ठिकाणी मिळून सव्वा तासाहून जास्त घिरट्या घालाव्या लागल्या. कागदावर पर्यायी विमानतळ बॉस्टन होता, पण तिथं जाण्याइतकं इंधन संपून गेल्यावरही विमान न्यूयॉर्कचीच वाट पाहत राहिलं. पहिला प्रयत्न वाऱ्यानं फसला आणि दुसऱ्या प्रयत्नाआधी इंजिनं बंद पडली. विमानातल्या १५८ पैकी ७३ जण दगावले. चौकशीत मुख्य दोष वैमानिकांचा ठरला: इंधनाकडे नीट लक्ष दिलं नाही आणि ‘आणीबाणी’ हा शब्द उच्चारला नाही. पण त्याबरोबर आणखीही नोंदी झाल्या. कंपनीच्या डिस्पॅच यंत्रणेचा उपयोग केला गेला नाही, वाहतूक व्यवस्थापन अपुरं होतं, आणि इंधन कमी असल्याचं सांगण्यासाठी सर्वांना सारखे कळतील असे ठरलेले शब्दच नव्हते. आज ‘मिनिमम फ्युएल’ आणि ‘मेडे फ्युएल’ असे वेगळे शब्द आहेत. पहिला म्हणजे आता आणखी उशीर चालणार नाही असा इशारा. दुसऱ्याचा अर्थ सरळ आहे: राखीव साठ्याला हात लागणार, आम्हाला आधी उतरवा.

इंधन नियमाप्रमाणे होतं म्हणतात, मग ‘मेडे’ द्यायची वेळ का येते?

कारण सगळे एकाच ठिकाणी जातात. २६ जुलै २०१२ ला माद्रिदवर वादळ होतं. रायनएअरची तीन विमानं व्हॅलेन्सियाकडे वळली आणि तिन्हींना इंधनाची आणीबाणी जाहीर करावी लागली. आयर्लंडच्या विमान वाहतूक प्राधिकरणाच्या चौकशीत दिसलं की तिन्ही विमानं ठरलेल्या प्लॅनपेक्षा जास्तच इंधन घेऊन निघाली होती. नियम मोडला नव्हता. पण व्हॅलेन्सियाला जाण्याचं इंधन धरताना, तिथं आपल्यासारखीच बाकीची विमानंही त्याच वेळी येतील आणि रांग लागेल, हे धरलेलं नव्हतं. गर्दीच्या विमानतळांकडे खराब हवामानात जाताना इंधनाबाबत वैमानिकांना वेगळं मार्गदर्शन द्यावं, अशी शिफारस नंतर झाली.

नियम पाळला होता एवढ्यावर चर्चा थांबवायची नसते, ती यासाठी. नियम सांगतो किमान किती हवं. त्या दिवशी त्या आकाशात किती हवं, हे नियोजन करणाऱ्यानं ठरवायचं असतं.

अंदाजच साफ चुकला तर?

तर कंपनीचा दोष बराच कमी होतो. १८ जून २०१३ ला ॲडलेडला धुकं असल्यामुळे क्वांटस आणि व्हर्जिन ऑस्ट्रेलियाची एकेक बोइंग ७३७ मिल्ड्युराकडे वळली. मिल्ड्युराचा अंदाज बरा होता. विमानं पोहोचेपर्यंत तिथंही धुकं दाटलं. परत फिरायला इंधन नव्हतं, त्यामुळे दोन्ही विमानं ठरलेल्या किमान मर्यादेपेक्षा कमी दृश्यमानतेत उतरली. व्हर्जिनच्या प्रवाशांना तर आघाताच्या तयारीत डोकं खाली घालून बसवलं होतं. कुणाला इजा झाली नाही.

इथंही प्रश्न संपत नाहीत. वाटेत ताजी माहिती कुणी, किती वेळा मागितली आणि ती पोहोचवण्याची जबाबदारी कुणाची होती, यावर चौकशीत बरीच चर्चा झाली. पण असा प्रसंग आणि दुपारपासून वादळाची पूर्वसूचना असलेला दिवस, यांना एकाच मापानं मोजणं अन्याय होईल.

आमचं विमान वळवलं, पण त्याच वेळी दुसऱ्या कंपनीचं उतरलं. असं कसं?

याला निर्दोष कारणं भरपूर आहेत. धुक्यात दृश्यमानता मिनिटामिनिटाला बदलते. विमानाची उपकरणं वेगळी असतात, आडव्या वाऱ्याची मर्यादा वेगळी असते, एकाकडे आणखी वीस मिनिटं थांबण्याचं इंधन असतं आणि दुसऱ्याकडे नसतं.

एक कारण मात्र निर्दोष नाही. अगदी कमी दृश्यमानतेत उतरण्याला कॅट-थ्री म्हणतात. त्यासाठी धावपट्टी, विमान आणि वैमानिक, तिन्ही तसे प्रमाणित असावे लागतात. धावपट्टी तयार, विमान तयार, आणि कंपनीनं धुक्याच्या मोसमात ते प्रशिक्षण नसलेले वैमानिक पाठवले, तर विमान वळतं ते ड्यूटीच्या तक्त्यामुळे. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस दिल्लीच्या धुक्यात अनेक विमानं वळवावी लागली, तेव्हा भारताच्या विमान वाहतूक नियामकानं, म्हणजे डीजीसीएनं, नेमकं हेच तपासलं आणि जानेवारी २०२४ मध्ये एअर इंडिया व स्पाइसजेट यांना प्रत्येकी ३० लाख रुपये दंड केला. ‘हवामान’ हे उत्तर सगळ्यात तकलादू ठरतं ते अशा वेळी.

जवळचा विमानतळ सोडून इतक्या लांब का नेतात?

जवळच्या विमानतळावर बहुधा तेच हवामान असतं. त्याखेरीज धावपट्टीची लांबी, विमान उभं करायला जागा, इंधन, आणि आंतरराष्ट्रीय उड्डाण असेल तर सीमाशुल्क आणि इमिग्रेशन. कंपनीची स्वतःची माणसं जिथं आहेत तिथं जाणं प्रवाशांच्याही सोयीचं असतं, भले ते शंभर किलोमीटर पुढे असेल.

उतरल्यावर तासन्‌तास विमानातच का बसवून ठेवतात?

सगळ्यात जास्त संताप याच गोष्टीचा असतो आणि तो रास्त आहे. शिडी नाही, बस नाही, गेट नाही, सुरक्षा तपासणीचे कर्मचारी घरी गेले, आपलं काम कुणाच्या यादीत नाही. यातलं एकही कारण हवामान नव्हे.

ह्यूस्टनहून मिनियापोलिसला निघालेलं कॉन्टिनेंटल एक्सप्रेसचं छोटं विमान वादळामुळे ८ ऑगस्ट २००९ ला मध्यरात्रीनंतर मिनेसोटातल्या रोचेस्टरला उतरलं. ४७ प्रवासी पहाटेपर्यंत सुमारे सहा तास आतच होते. टर्मिनलची इमारत समोर दिसत होती. कॅप्टन लोकांना उतरू द्या म्हणून विनवत होती. त्या वेळी तिथं मदत करू शकणारी माणसं मेसाबा या दुसऱ्याच कंपनीची होती. सुरक्षा कर्मचारी गेल्यामुळे टर्मिनल बंद आहे, असं त्यांनी सांगितलं. ते चुकीचं होतं. प्रवाशांना सुरक्षित भागात बसवता आलं असतं. अमेरिकेच्या परिवहन खात्यानं कॉन्टिनेंटल आणि तिच्यासाठी ते विमान चालवणाऱ्या एक्सप्रेसजेटला मिळून १ लाख डॉलर आणि मेसाबाला ७५ हजार डॉलर दंड केला. ज्याचं विमान तो आणि ज्याच्या हातात दार उघडणं होतं तो, दोघंही जबाबदार धरले गेले. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो.

२९ एप्रिल २०१० पासून अमेरिकेत नियमच आला: देशांतर्गत उड्डाणात ३ तासांच्या आत प्रवाशांना उतरण्याची संधी द्यायची, दोन तासांच्या आत खाणं-पाणी द्यायचं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी नंतर ४ तासांची मर्यादा आली. वळवलेल्या विमानांनाही हे लागू आहे. तरीही २९ ऑक्टोबर २०११ ला अवेळी झालेल्या हिमवर्षावात हार्टफर्डजवळच्या ब्रॅडली विमानतळावर एकामागून एक विमानं वळवली गेली आणि जेटब्लूच्या एका विमानातले प्रवासी सात तासांहून जास्त अडकले. विमानतळाची वीजही जात-येत होती. कंपनीला नियम घातला, पण विमानतळाला कुणी विचारलंच नव्हतं. २०१२ च्या कायद्यानं विमानतळांनाही अशा प्रसंगाची योजना आधी सादर करणं बंधनकारक केलं.

विमानतळाची जबाबदारी भारतातही एकदा ठळकपणे दिसली. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीच्या धुक्यामुळे इंडिगोचं गोवा-दिल्ली विमान मुंबईला वळवलं गेलं. ते टर्मिनलपासून दूरच्या जागी उभं केलं आणि वैतागलेले प्रवासी विमानाशेजारी जमिनीवरच जेवायला बसले. विमान सुरक्षा विभागानं इंडिगोला १.२ कोटी आणि मुंबई विमानतळाला ६० लाखांचा दंड केला, डीजीसीएनं विमानतळाला आणखी ३० लाखांचा.

तासाभरात आकाश मोकळं झालं, तरी विमान परत का निघालं नाही?

बहुधा कर्मचाऱ्यांच्या ड्यूटीचे तास संपतात. थकलेल्या वैमानिकानं उडू नये म्हणून ही मर्यादा आहे आणि ती मोडायचा आग्रह कुणी धरू नये. विचारायचं ते हे, की मर्यादेला इतकं चिकटून वेळापत्रक का आखलं होतं?

युरोपीय न्यायालयानं याचं उत्तर १२ मे २०११ च्या एका निकालात दिलं आहे. कोपनहेगन-रीगा उड्डाण हवाई क्षेत्र बंद असल्यामुळे लांबलं, क्षेत्र उघडलं तोवर कर्मचाऱ्यांचे तास संपले आणि एअर बाल्टिकनं उड्डाण रद्द केलं. न्यायालय म्हणालं, असाधारण परिस्थिती संपल्यावर उड्डाण पूर्ण करता यावं म्हणून कंपनीनं नियोजनातच थोडा राखीव वेळ ठेवायला हवा; मात्र तिला न पेलवणारा त्याग मागता येणार नाही. कारण वीजपुरवठ्याचं होतं, हवामानाचं नव्हतं, पण तत्त्व तेच लागू पडतं.

भरपाई मिळते का?

कुठून कुठे जात होतात यावर अवलंबून आहे.

युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमाखाली ३ तास किंवा जास्त उशिरासाठी २५० ते ६०० युरो मिळू शकतात, पण उड्डाणाला बाधक हवामान ही ‘असाधारण परिस्थिती’ धरली जाते आणि मग रोख भरपाई मिळत नाही. मात्र सगळे वाजवी उपाय करूनही उशीर टळला नसता, हे कंपनीनं सिद्ध करायचं असतं. शिवाय जेवण, राहण्याची सोय आणि मुक्कामी पोहोचवणं ही कर्तव्यं हवामान कसंही असलं तरी सुटत नाहीत. २०१० च्या आइसलँडच्या ज्वालामुखीच्या प्रकरणातही न्यायालयानं २०१३ मध्ये तसंच सांगितलं. त्याच शहराच्या दुसऱ्या विमानतळावर उतरवलं तर मूळ विमानतळापर्यंतचा खर्च कंपनीनं आपणहून द्यायचा, असा २०२१ चा निकाल आहे.

इतर आंतरराष्ट्रीय प्रवासात १९९९ च्या मॉन्ट्रियल करारातलं कलम १९ कामी येतं. उशिरामुळे झालेलं प्रत्यक्ष नुकसान मागता येतं. टाळण्यासाठी शक्य ते सगळं केलं, हे कंपनीनं दाखवलं तर ती सुटते. डिसेंबर २०२४ पासून याची कमाल मर्यादा प्रत्येक प्रवाशामागे ६,३०३ एसडीआर आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. पावत्या जपून ठेवा, कारण इथं मनस्तापाचे नव्हे, खर्चाचे पैसे मिळतात.

अमेरिकेतल्या देशांतर्गत उड्डाणात उशिरासाठी रोख भरपाई कायद्यानं बंधनकारक नाही.

कंपनीनं ‘हवामानामुळे’ एवढंच उत्तर दिलं. पुढे काय विचारू?

‘का’ विचारू नका, वेळा विचारा. विमान कधी वळवलं, कधी उतरलं, दार कधी उघडलं, इंधन कधी भरलं, पुढे निघण्याची पहिली परवानगी कधी मागितली, नवे कर्मचारी कधी बोलावले. विमानतळांचे हवामान अहवाल आणि अंदाज, म्हणजे मेटार आणि टॅफ, सगळ्यांना पाहता येतात. मुक्कामाचा विमानतळ संध्याकाळी सातला मोकळा झाला आणि तुम्ही रात्री एकपर्यंत बसून होतात, तर त्या सहा तासांचं उत्तर हवामान देऊ शकत नाही. तक्रारीत तेवढेच सहा तास धरा. वळवण्याचा निर्णयच चुकला असं लिहिलंत, तर कंपनी त्याच मुद्द्याला उत्तर देईल आणि बहुधा जिंकेल.

केबिनमधल्या कर्मचाऱ्यांना जाब विचारून काही होतं का?

नाही. बहुतेक वेळा त्यांनाही तुमच्याइतकंच माहीत असतं.

प्रवाशाचीही काही जबाबदारी असते का?

थोडी. दोन वेगवेगळी तिकिटं काढून मध्ये तासाभराचं अंतर ठेवलं, तर पुढचं विमान चुकल्याची जबाबदारी बहुधा कुणी घेत नाही. एकाच तिकिटावर जोडप्रवास असेल तर पुढे पोहोचवणं कंपनीचं काम असतं. औषधं आणि बाळाचं सामान हातातल्या पिशवीत ठेवा, कारण वळवलेल्या विमानातून चेक-इन केलेल्या बॅगा सहसा काढून देत नाहीत. आणि वाटेतल्या विमानतळावर स्वतःहून उतरून निघून जायचं असेल, तर आधी कर्मचाऱ्यांना सांगा. न सांगता गेलात तर बॅग शोधून उतरवावी लागते आणि मागे राहिलेल्यांचा आणखी तास जातो.